सुटताना म्हणायचं वाक्य

हे खरं घडलंय, आणि माझ्याच बाबतीत. मीठमसाला लावायला मला वेळही नाही. लेक झोपलीय, ती उठेपर्यंतच काय तो मोबाईल माझा. म्हणून जसं घडलं तसंच लिहिते.

शुक्रवार होता. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

मी तेव्हा इथे परदेशात एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत अल्टरेशनचं काम करायचे. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कोटाची बाही आत घे. खोलीत शिलाई मशीनं तीन. दोन चालू. तिसरं भिंतीला लागून, कापडाने झाकलेलं. त्यावर राखाडी दोऱ्याचं रीळ तसंच लावलेलं...

ते कोणी काढत नसे.

इस्त्रीवर एक उझबेक बाई होती. सगळे तिला ओपा म्हणत, म्हणजे त्यांच्यात ताई. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत बोलायचो, इथे आपल्या मराठीत लिहितेय.

रोज सुटताना ओपा दिवा बंद करायची, दारात थांबायची आणि रिकाम्या खोलीकडे बघून म्हणायची, "मेन उयगा केत्यापमान."

मी घरी चाललेय. एवढाच अर्थ.

"कोणाला सांगतेस गं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"तिसऱ्या मशीनवालीला. माझ्या गावची होती. घरी छोटी लेक. एक दिवस शिवता शिवता मशीनवरच मान टाकली तिने. सुट्टी झाली हे तिला कळलंच नाही. म्हणून सांगायचं."

मला वाटलं, फिरकी घेतेय. पण तिने ते वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं. मी अडखळले की इस्त्रीची वाफ माझ्याकडे सोडायची. "जीभ आहे की चप्पल?" हळूहळू आणखी शब्द आले. केल्दिम, म्हणजे आले. केलामान, म्हणजे येईन.

मग ओपा मायदेशी परतली, मुलीच्या बाळंतपणाला. निघताना म्हणाली, "आता शेवटी निघणारी तू. वाक्य म्हण, कुलूप लाव, नीघ. वर एक शब्द बोलू नकोस."

पंधरा दिवस म्हटलंही मी. नेमाने.

त्या शुक्रवारी आवराआवर चालू असताना आईचा फोन आला. ठेवताना मी म्हटलं, "चल, जाते आता घरी."

"जाते काय म्हणतेस? लेकुरवाळी बाई तू. येते म्हणावं."

"बरं बाई, येते."

दिवा बंद केला. दारात उभी राहिले. आणि रोजचं ते 'चाललेय' काही केल्या ओठांवर येईना. आईचा आवाज अजून कानातच होता. मी स्वतःशीच हसले आणि अंधाऱ्या खोलीला म्हटलं, "केलामान."

येईन.

वळले तोच मागे काहीतरी सळसळलं...

मशीनवरचं कापड खाली पडलं होतं. खोलीला खिडकी नाही.

मी कुलूप लावलं आणि निघाले.

त्याच रात्री लेकीला ताप चढला. अडीच वर्षांचं पोर, अंगाचा नुसता तवा. शनिवारी कामावर गेले नाही. सोमवारी नाही. मंगळवारीही नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिला थोपटत होते. हे कामावरून यायचे होते. घरात आम्ही दोघीच.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

खट् खट् खट् खट्...

थांबला.

पुन्हा... खट् खट् खट्...

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पण आमच्या घरी शिलाई मशीन नाही.

घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

उठून गेले. कोणी नाही. दार आतून बंद. खुर्चीच्या पाठीवर लेकीचा फ्रॉक होता. महिनाभर तिथेच पडलेला. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे, आणि पोरीच्या फ्रॉकची खालची दुमड घालायला मला फुरसत नव्हती. टाचण्या लावून ठेवला होता.

टाचण्या काढून एका रांगेत ठेवल्या होत्या...

दुमड शिवून झाली होती. बारीक, सरळ टीप. राखाडी दोऱ्याची.

मी ओपाला फोन लावला. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "येईन म्हणालीस? आणि गेली नाहीस?"

"लेक आजारी आहे गं."

ती म्हणाली, "तीही लेकीला येईन सांगूनच निघाली होती त्या दिवशी. येईन म्हणून कोणी आलं नाही ना, की तिला राहवत नाही. ती बघायला निघते."

"आता काय करू?"

"उद्या जा. नीट सांग तिला. आणि मागे बघू नकोस."

बुधवारी ताप उतरला होता, पण लेकीला ठेवायचं कोणाकडे? कडेवर घेऊनच गेले. सहा वाजून दहा मिनिटांनी दारात उभी राहिले. कापड मशीनवर होतं, नीट चारही बाजूंनी ओढलेलं. मी ते पडलेलंच सोडून गेले होते...

"मेन उयगा केत्यापमान," मी म्हटलं. स्पष्ट. वर एक शब्द नाही.

कुलूप लावलं. चालू लागले. एकदाही मागे बघितलं नाही.

अर्ध्या वाटेत लक्षात आलं...

लेकीची मान माझ्या खांद्यावर होती. तिचं तोंड मागे होतं.

ती कोणाला तरी हाताने बोलावत होती. ये, ये.

मी धावतच सुटले. आमच्या जिन्याशी पोचल्यावर ती माझ्या कानाशी बोलली. एरवी बोबडी. पण हे अगदी स्वच्छ.

"उयगा केत्दिक."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मलाच ते येत नव्हतं.

ओपाला विचारलं. ती म्हणाली, "चला, घरी जाऊ. पण हे एकट्याने नाही म्हणत. बरोबर कोणी असलं तर म्हणतात. कोण म्हणालं?"

मी सांगितलं. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन उचललेला नाही.

ते काम मी सोडलं. आठ महिने झाले. लेक त्यानंतर आजारी पडली नाही, आणि तिच्या कपड्यांचं एकही बटण आता तुटलेलं राहत नाही. हे म्हणतात, तू किती करतेस गं तिचं.

काम सोडल्यापासून मी सुई हातात धरलेली नाही.

आत्ता ती माझ्या शेजारी झोपलीय. डाव्या हाताची मूठ मिटलेली आहे, झोपेत आईचं बोट धरतात तशी...

माझे दोन्ही हात मोबाईलवर आहेत.