प्रवचन लांबलं तो शुक्रवार

“त्याग हा मानवी हृदयाचा सर्वोच्च अलंकार आहे! आणि तो अलंकार माझ्या बहिणीने जन्मभर धारण केला...” असं सफवतने दिवाणखान्यात जमलेल्या सिनेमावाल्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, त्या वेळी तो अलंकार आत स्वयंपाकघरात बदकाच्या पोटात कांदा कोंबत होता, आणि बदक काही ऐकत नव्हतं.

“ताई!” बाहेरून तोच सद्गदित आवाज आला. “चहा टाक गं. अकरा कप. माझ्यात साखर तीन चमचे.”

इन्शिराहने हात धुतले आणि किटली चढवली. तिचं वय बावन्न. अलेक्झांड्रियातल्या मुहर्रम बेक मोहल्ल्यातलं हे पाचव्या मजल्यावरचं घर तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर तिने आईला सांभाळलं, भावाला शिकवलं, भावजय वारल्यावर त्याची मुलगी नर्मीन वाढवली... आणि एवढं करून मोहल्ल्यात तिची ख्याती काय, तर गर्विष्ठ! कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने बंदरावरच्या हाजी रश्वानच्या कचेरीतली टायपिस्टची चांगली नोकरी एका मंगळवारी दुपारी सोडून दिली होती आणि का सोडली ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी ती घरी आली तेव्हा तिच्या झग्याची बाही खांद्यापासून उसवलेली होती. आईने बाही पाहिली, मुलीचा चेहरा पाहिला, सुईदोरा घेतला, बाही शिवली आणि एक शब्द बोलली नाही. आईचं शिवण फार सुरेख असे; टाका दिसत नसे.

आठ दिवसांनी रश्वान स्वतः बसबूसा मिठाईचा मोठा डबा घेऊन आला आणि सतरा वर्षांच्या सफवतला त्याने कचेरीत चिकटवून घेतलं. केवढं हे औदार्य! बहीण नोकरीला लाथ मारून गेली आणि या देवमाणसाने भावाला पोटाशी धरलं... सफवत तर तेव्हापासून त्याच्या पायाची धूळ व्हायचाच बाकी होता. घरात चूल पेटती राहावी म्हणून इन्शिराहने ओठ मिटले ते मिटलेच. आणि दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हाजी रश्वान जेवायला येई, बदक त्याला आवडे, बदक तीच रांधी आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याने जेवे. याला सफवत तिचा विनय म्हणे.

हे असंच चालू राहिलं असतं. पण येत्या रविवारपासून नर्मीन रश्वानच्या कचेरीत कामाला जाणार होती.

“नको पाठवूस,” इन्शिराह चार वेळा म्हणाली होती. चौथ्या वेळी सफवत उखडला.

“का नको? स्वतः सोडलीस, आता तिलाही सोडायला लाव! जळतेस का गं पोरीवर?”

ते शब्द तिच्या काळजात खोल रुतले... आणि मग तिने त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला, कारण त्याला बाहेर जायचं होतं.

सिनेमावाले आले ते याच आठवड्यात. त्यांना म्हणे दिवाणखान्यातला उजेड आवडला. कथा अशी होती, की एका बाईवर एका प्रतिष्ठित गृहस्थाने जबरदस्ती केलेली असते. काही वर्षांनी ती त्याला गोड बोलून घरी बोलावते, खुर्चीला बांधते आणि त्याच्या तोंडून सत्य वदवून घेते. दोन दिवस इन्शिराहने चहाचे कप भरता भरता हे सगळं पाहिलं. नायिका आधी किंचाळे, मग आरसा फोडी, मग पुन्हा किंचाळे.

“कसं वाटतं, मावशी?” दिग्दर्शक हातेमने विचारलं. तो पोरगेला होता आणि सगळ्यांनाच विचारत असे.

“आरसा कशाला फोडते?” इन्शिराह म्हणाली. “नंतर झाडायचं कोणी?”

तिसरा दिवस शुक्रवार. खलनायक नटाने आदल्या दिवशी अबूकीरला जाऊन शिंपले खाल्ले होते आणि आता तो हॉटेलच्या संडासातून बाहेर यायला तयार नव्हता. दिवे लावायला त्याच्याच अंगाचा कुणीतरी खुर्चीत हवा होता. हातेम डोकं धरून बसला असताना, आज नमाजाआधीच, शूटिंग पाहायला म्हणून हाजी रश्वान दारात उभा राहिला. अंगावर करडा सूट, हातात जपमाळ आणि चेहऱ्यावर दानशूराचं स्मित!

इन्शिराह कपांचं तबक घेऊन उभी होती. अठ्ठावीस वर्षांत ती या माणसाशी आपणहून एक वाक्य बोलली नव्हती. आज बोलली.

“हाजीसाहेब बसतील की. अंगापिंडाने तसेच आहेत.”

सफवतच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. ताई बोलली... ताई वितळली!

“छे छे, मी कसला नट,” म्हणत रश्वान खुर्चीत बसलासुद्धा. “तशी माझी डावी बाजू बरी येते. फोटोवाले सांगतात.”

दोर बांधणारा गडी रशीद गावचा, तीन पिढ्यांचा मच्छीमार. त्याने गाठी मारल्या त्या वादळात होडी धरून ठेवतील अशा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गिर्गिसने दोराची करकर नीट येते का पाहायला रश्वानच्या कोटाच्या आत छोटा माइक खोचला. दिवे लागले. हातेम म्हणाला, “वा!” आणि त्याच क्षणी खालच्या मशिदीत अजान झाली.

शुक्रवारची नमाज! अर्ध्या मिनिटात घर रिकामं झालं. चपला, पळापळ, “अरे माझी टोपी”, जिन्यात धडधड. नायिका आणि तिचा मेकअप शेजारच्या घरात गेले, नर्मीन दही आणायला गेली. प्रत्येकाला वाटलं, हाजीसाहेबांना दुसऱ्या कुणी तरी सोडलं असेल. अल्लाच्या दरबारी पहिल्या रांगेत बसणारा माणूस, तो काय मागे राहणार आहे?

“अरे!” रश्वान ओरडला. “अरे, मी!”

स्वयंपाकघरातून इन्शिराह बाहेर आली. हातात सुरी होती, कारण ती बदक कापत होती.

“इन्शिराह, बरं झालं. काप हा दोर. नमाज जाईल माझी.”

तिने सुरीकडे पाहिलं, मग ती तबकात ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. त्याच्या कोटाच्या आत एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत होता. दोन दिवसांत तिला एवढं कळलं होतं, की दिवा तांबडा असला की बाहेर जिन्यात गिर्गिसच्या कानात सगळं जातं. आणि गिर्गिस चर्चमध्ये जाणारा, त्याला नमाज नव्हती, तो जिन्यातच सँडविच खात बसलेला असणार. एक साक्षीदार... बस, एक पुरे होता.

सोफ्यावर नायिकेचे कागद पडले होते. इन्शिराहने चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचली. “हे नराधमा, माझ्या भग्न आत्म्याच्या...” पुढे आणखी सहा ओळी होत्या. तिने कागद बाजूला ठेवले. खाली इमामाचं प्रवचन सुरू झालं होतं. इमाम नवा होता, लाउडस्पीकर त्याहून नवा, आणि विषय होता पाण्याची उधळपट्टी.

“नर्मीनचं टेबल कुठे ठेवलंय?” तिने विचारलं.

“अं? आतल्या खोलीत. गारवा असतो तिथे. का?”

“माझंही तिथेच होतं.”

खाली इमाम नळाच्या वायसरविषयी सांगत होता.

“दाराला आतून कडी आहे अजून?”

“इन्शिराह, हे बघ...”

“मी नको म्हटलं होतं. तीनदा. तू ऐकलं होतंस का, की मी हळू बोलले?”

तिच्या आवाजात अश्रू नव्हते, थरथर नव्हती. हाच प्रश्न तिने अठ्ठावीस वर्षं भांडी घासताना, पलंगावर पडल्या पडल्या, मटार सोलताना स्वतःला विचारला होता... आणि आज प्रथमच तो योग्य पत्त्यावर गेला होता.

“सांग. आपल्याला वेळ आहे. नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला, किती तांब्ये पाणी लागतं तिथवर अजून इमाम आलेला नाही.”

“ऐकलं होतं!” रश्वान एकदम फुटला. त्याच्या कपाळावरून दिव्यांच्या उष्णतेने घाम ओघळत होता. “ऐकलं होतं, बास? तरुण होतो, चूक झाली! आणि भरपाई केली ना मी? तुझ्या त्या ठोंब्या भावाला काय म्हणून ठेवला मी? साधी बेरीज येत नव्हती त्याला! अजून येत नाही! अठ्ठावीस वर्षं पोसला, कशासाठी? तुझं तोंड बंद राहावं म्हणूनच ना!”

दार उघडलं.

दारात सफवत उभा होता. मशीद भरून गेल्यामुळे लोक रस्त्यावर बसले होते, म्हणून तो जिना चढून चटई न्यायला परत आला होता, आणि जिन्यात गिर्गिसने, पांढऱ्याफटक चेहऱ्याने, स्वतःच्या कानावरचं यंत्र काढून मुकाट्याने त्याच्या कानावर चढवलं होतं. ते अजून तसंच होतं. वायर मागे लोंबत होती.

“सफवत! बेटा, सोड मला, तुझी बहीण भ्रमिष्ट...”

सफवतने चटई टाकली आणि मूठ उगारली. त्याच्या सबंध आयुष्याचा अभिमान, ती पहिली नोकरी, ती शाबासकी, ते ‘माझ्या गुणांचं चीज झालं’... सगळं एका बाहीच्या उसवलेल्या शिवणीतून गळून गेलं होतं!

“मारू नकोस,” इन्शिराह म्हणाली. “खुर्ची सिनेमावाल्यांची आहे.”

मूठ हवेतच राहिली. मग भाऊ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

तेवढ्यात प्रवचन, नमाज सगळं आटोपून सिनेमावाले वर आले. हातेमची नजर खुर्चीतल्या त्या घामेजलेल्या, निस्तेज, हादरलेल्या चेहऱ्यावर पडली आणि तो आनंदाने ओरडला, “हाच! हाच चेहरा मला हवा होता! हाजीसाहेब, हलू नका!”

“ते आता जातील,” इन्शिराह म्हणाली आणि सुरीने दोर कापला. गाठी सुटण्यासारख्या नव्हत्याच. रश्वान सरळ जिन्याकडे गेला. त्याला जेवायला थांबा असं म्हणायला कुणीही पुढे झालं नाही, आणि या शहरात याहून मोठा अपमान अजून निघायचा आहे.

गिर्गिसने यंत्रातलं नखाएवढं कार्ड काढलं. “हे आमच्या सिनेमाचं नाही,” तो खाली मान घालून म्हणाला, “ताईंचं आहे.”

ते नर्मीनने घेतलं. ती दह्याची पिशवी घेऊन दारातच उभी होती, आणि तिला गिर्गिसने काय सांगितलं, किती सांगितलं, कोण जाणे. पण तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

“रविवारी मी कुठेही जात नाही,” ती म्हणाली. “उद्या वकिलाकडे जाऊ. आत्या, येशील ना? मी असेन शेजारी.”

इन्शिराहने तिच्याकडे पाहिलं. आईने शिवलेली ती बाही उसवायला इतकी वर्षं लागली होती.

“येईन,” ती म्हणाली. “दही फ्रिजमध्ये ठेव.”

मग संध्याकाळी, दिवे आणि दोर आणि माणसं निघून गेल्यावर, सफवत तिच्यापाशी आला. त्याचे डोळे सुजले होते. त्याने तिचे दोन्ही हात धरून त्यांचं चुंबन घेतलं, मस्तकाचं घेतलं, पुन्हा हातांचं घेतलं.

“ताई... मी आंधळा होतो गं! तुझ्या दुःखावर मी जेवलो, तुझ्या मौनावर मोठा झालो... आणि तुलाच जळतेस म्हणालो! रविवारी राजीनामा देतो. रस्त्यावर भाजलेली कणसं विकीन, पण त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. एवढ्याने तुझं ऋण फिटणार नाही, ठाऊक आहे मला. माग, ताई! आज काहीही माग! माझा प्राण माग!”

इन्शिराहने त्याचे डोळे ओढणीच्या टोकाने पुसले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला काय हवं ते विचारलं होतं, तेव्हा तिने घाई केली नाही. नीट विचार केला.

“आंघोळ झाल्यावर,” ती म्हणाली, “तो ओला टॉवेल माझ्या पलंगावर टाकत जाऊ नकोस.”