होय म्हाराजा

नारळ आणायला म्हणून मी चारकोपच्या मार्केटात गेलो, एवढीच या सगळ्याची सुरुवात. तू ऐकून घे, चैतन्य. ऑफिसात नवीन आलायस, जागा मिळत नाही, माझ्या खोलीत राहू का विचारतोयस. राहा की, माझी ना नाही. पण या खोलीत काय झालं ते कळू दे, मग ठरव. लाइट राहू दे चालू. चहा घे.

मीही तुझ्यासारखाच आलो होतो रे. कुडाळजवळच्या गावातून बॅग उचलली आणि मालाडच्या ऑफिसात बिल्डिंगांची ड्रॉइंगं काढायला बसलो. खोली इथे चारकोपला, खाली घरमालकीण शकुमावशी, वर मी. दिवसभरात कोणाशी बोललोच तर रिक्षावाल्याशी, ते पण 'इथून लेफ्ट घ्या'. संध्याकाळी कुलूप काढून आत आलो की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. जाम रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

फोनवर बाबांना ते कळलं असणार. माझे बाबा म्हणजे दत्ताराम. गावात कोणाचंही गाऱ्हाणं असो, घालायला त्यांनाच बोलावतात. तू साताऱ्याचा, घाटावरचा, तुला समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडे नवं घर, लग्न, काहीही असलं तरी आधी जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवायचा आणि त्याला सगळं सांगायचं. एक जण मोठ्याने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, 'होय म्हाराजा.' लहानपणापासून इतक्यांदा म्हटलेलं असतं, की तो काय बोलतोय याकडे लक्ष नसतं कोणाचं. तो थांबला की आपलं 'होय' निघतंच.

"जागेक नारळ ठेवलंस?" बाबांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर भडकले. "अरे, दुसऱ्याच्या जागेत घुसलंस नि सांगूक नाय? आधी नारळ हाड. गाऱ्हाणा मी घालतंय फोनवरसून."

मला हसू आलं. फोनवरून गाऱ्हाणं! तरी गेलो, नारळ आणला, कोपरा पुसून ठेवला, उदबत्ती लावली आणि फोन स्पीकरवर टाकून त्याच्या बाजूला ठेवला. संध्याकाळ होती, खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

"बा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण धनी असशीत..."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"माझो झील तुझ्या पायाशी इलो हा." झील म्हणजे मुलगा.

"होय म्हाराजा."

"परक्या मुलखात एकटो आसा. तेका एकट्याक टाकू नको. खय गेलो तरी तेच्या वांगडा रव."

"होय म्हाराजा."

बाबांनी गाऱ्हाणं तिथेच सोडून हळूच विचारलं, "सर्वेश... थय तुझ्यासोबत कोण आसा?"

"कोणी नाही. का?"

"माका दोघांचो आवाज इलो."

रिकामी खोली आहे, आवाज घुमला असेल, असं मी म्हटलं. बाबांनीही ते मानलं. पण चूक झाली होती ती झालीच होती. गावात बाबा ज्याला हाक मारतात तो पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा. त्याचं देऊळ माहीत, त्याचा मान माहीत, तो आमचाच. इथे आम्ही 'जो कोण असशीत' म्हणून हाक मारली. जो होता तो आला.

खरं सांगू? सुरुवातीला बरं वाटलं. कुलूप काढताना वाटायचं, आत कोणीतरी आहे, आपली वाट बघतंय. खोलीत एक वास असायचा, ओहोटीला खाडी उघडी पडली की चिखलाला येतो ना, तसा. शकुमावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाबा, सेक्टर व्हायच्या आधी इथं खाडीच होती सगळी. भराव टाकून वर घरं बांधली. खाली कोण राहिलं, कोणाला ठाऊक!" आणि मोठ्याने हसल्या. मी पण हसलो.

मग तो जवळ जवळ यायला लागला. आधी दाराशी. मग खिडकीपाशी. मग मी कॉटवर बसलो की माझ्या बाजूची गादी दबायची. आंघोळीला आत गेलो की पाठीमागे, अगदी पाठीला लागून, ओला श्वास... ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी एकटाच असलो तरी अंग चोरून उभा राहायचो, कारण जागाच उरलेली नसायची. आमच्या टीममधली निधी एका रविवारी सहज चहाला आली. दारातच थांबली. "सॉरी यार, तुझ्याकडे कोणी आहे, आधी सांगायचं ना," म्हणाली आणि चप्पल न काढता परत गेली. सोमवारपासून ती माझ्या टेबलाकडे फिरकली नाही. मी बोरिवलीला मित्राकडे राहायला गेलो, तर तिथेही तासाभरात वास. मित्राने नाक दाबून गटार तुंबलं का बघितलं. मी बॅग उचलून निघालो. जाऊन जाणार कुठे? खय गेलो तरी वांगडा रव, कुठेही गेला तरी सोबत राहा, असं आम्हीच सांगितलं होतं ना.

माझी पार वाट लागली. जेवण जाईना, कूस बदलायला भीती वाटायची. कूस बदलली की तोंडासमोर तो. शेवटी बाबांना फोन केला आणि नुसता रडलो. रविवारी दुपारी ते दारात हजर, पिशवीत घरच्या माडाचा नारळ. आत पाऊल टाकलं आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या मागे बघत राहिले.

"बरोच जवळ इलो हा," म्हणाले.

भर दुपार होती, खिडकीतून ऊन पडलं होतं, शकुमावशींच्या कुकरची शिटी ऐकू येत होती. बाबांनी नारळ ठेवला, टोपी घातली, हात जोडले.

"बा म्हाराजा, चूक आमची झाली. वळख नसताना तुका हाक मारली."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. आणि माझ्या उजव्या कानाशी, पाणी भरलेल्या गळ्यातून आल्यासारखं, दुसरं 'होय म्हाराजा.' या वेळी आम्ही दोघांनीही ऐकलं. बाबांचा आवाज मात्र हलला नाही.

"इतके दिवस सोबत केलंस, उपकार झाले."

"होय म्हाराजा." दोन्ही आवाज.

"आता माझ्या झिलाक मोकळो कर."

"होय म्हाराजा," मी एकटाच म्हणालो. कानाशी काहीच नाही...

बाबांनी पुन्हा मागितलं. पुन्हा मी एकटाच. माझ्या खांद्यावर गार, जड काहीतरी चढत होतं, मान वळवता येईना. बाबांनी डोळे उघडून मला नीट बघितलं. लहानपणी तापात बघायचे तसं. मग डोळे मिटले आणि गावातल्यासारखं एका सुरात, भराभर म्हणत सुटले. घरादाराचं, गुरावासरांचं, वाटेवरच्या काट्याकुट्यांचं. मी मागून होय, होय म्हणत गेलो. शब्द सवयीचे होते, जिवात जीव आला होता.

"...आणि तुका सोबत व्हयीच आसा तर माझी घे. झिलाक सोड, माझ्या वांगडा चल."

"होय म्हाराजा!"

दोन्ही आवाज एकदम आले. त्यातला एक माझा होता.

तोंडातून गेल्यावर मला ते वाक्य कळलं. "नाही, बाबा! मी तसं नाही म्हटलं... बाबा, परत घाला गाऱ्हाणं, परत घाला!" मी त्यांचे हात धरले. ते गार पडले होते. माझे खांदे हलके झाले होते, मोकळा श्वास येत होता, आणि त्या श्वासाची मला शिसारी आली.

"होय म्हटलंस. झाला," बाबा म्हणाले. "आता बोला नको."

मी शब्दांकडे लक्ष देणार नाही, नुसता होय म्हणणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं रे. सगळं आयुष्य लोकांची गाऱ्हाणी घालण्यात गेलंय त्यांचं.

संध्याकाळी बोरिवलीहून त्यांना गावच्या गाडीत बसवलं. खिडकीशी बसले. बाजूच्या सीटवर एक माणूस बॅग घेऊन आला, टेकला आणि लगेच उठून मागे गेला. बाबांनी मला हात केला, हसले पण.

तेव्हापासून ही खोली स्वच्छ आहे. वास नाही, काही नाही. तू खुशाल राहा, फक्त नारळ ठेवू नकोस. मी मात्र गावाला जाऊ शकत नाही. गणपतीला गेलो होतो, तर बाबांनी खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, ओरडून थांबवलं. "थयच रव! पुढे येव नको!" मग हात जोडले मला, स्वतःच्या मुलाला. आईला काहीच माहीत नाही. ती रडत राहिली आणि मी बेड्यातूनच, कुंपणाच्या फाटकातूनच, गणपतीचं तोंड न बघता परत फिरलो. काय करणार होतो? पुढे गेलो तर बाबांनी केलेलं सगळं फुकट, आणि मागे फिरलो तर ते त्याच्यासोबत एकटे.

काल आईचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, बाबा पडवीत बसले होते म्हणून.

"सर्वेश, हेंका काय झाला रे? जेवण खारट, जेवण खारट म्हणतत. मी मीठ कमी केलंय. मगे घालूचाच सोडलंय. तरी खारट म्हणतत. काल मगे तेंच्या ताटातलो भात मी चाखून बघितलंय..."

तिने आवाज आणखी खाली आणला.

"नुसता खाडयेचा पाणी रे. आणि माझ्या ताटात त्याच टोपातलो भात, साफ अळणी."