तिसरीचा तांबडा रकाना

मुख्याध्यापिका आल्या तेव्हा भावोजी टेबलाखाली वाकून पंख्याची वायर चाचपत होते. त्यामुळे त्यांना आधी पाहुण्या बाईंच्या चपला दिसल्या. चपलांवर खडूची पूड होती आणि पाय एका जागी ठरत नव्हते.

"चोरी झालीय का?" त्यांनी खालूनच विचारलं.

"चोरी असती तर पोलिसांत गेले असते," बाई म्हणाल्या आणि काखेतली कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या.

तपासाची ही कचेरी भावोजींच्या थोरल्या भावाची. भाऊ गेला आणि वहिनींनी ती चालवायला घेतली, तेव्हा लोक तोंडावर पदर धरून हसले होते. आता हसत नाहीत. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर भावोजी मदतीला येऊ लागले. मदत म्हणजे चहा सांगणं, दार उघडणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. यातलं तिसरं काम ते कधीच चुकवत नसत.

वहिनींनी चष्मा पुसला आणि गुंडाळी उलगडली. तो निकालाचा तक्ता होता. इयत्तेला एक रकाना, मुलाला एक चिकटवलेला रंगीत चौकोन.

"हिरवा म्हणजे जमतंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पिवळा म्हणजे थोडा हात द्यायला हवा. तांबडा म्हणजे मूल मागे पडलं. कुणाला जादा तास द्यायचे, जादा शिक्षक कुठे बसवायचा, पुढच्या वर्षाचं सगळं नियोजन यावर होतं. उद्या दुपारी समिती बसणार आहे."

तिसरीचा रकाना वरपासून खालपर्यंत तांबडा होता. अगदी तळाशी एकच हिरवा चौकोन.

"अख्खा वर्ग एकदम ढ झाला?" भावोजींनी विचारलं.

"ढ नाहीत हो. तोंडी गणितात सगळ्यांचे तेच चार प्रश्न चुकलेत. आणि चुकीची उत्तरंही सगळ्यांची एकच." त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून वाचली. "सोळा अधिक पाच, मुलांनी लिहिलं अठरा. सहा गुणिले सात, एकवीस. सेहेचाळीस वजा वीस, तेवीस. एकोणीस अधिक चार, पंधरा. हुशार काय, कच्चा काय, सगळ्यांचं सारखं."

"कॉपी," भावोजी ठामपणे म्हणाले.

"समितीही तेच म्हणते. आणि तिसरीच्या सरांनी कबुलीही दिलीय. प्रश्न आधीच हाती लागले, मुलांकडून उत्तरं घोकून घेतली, घाईत उत्तरंच चुकली, असं म्हणतात."

"सहा साती एकवीस?" वहिनी हळूच म्हणाल्या. "मास्तर आहेत ना ते?"

"चांगले मास्तर आहेत. म्हणून तर आले. कंत्राटावर आहेत, उद्या नाव खराब झालं तर कुठलीच शाळा त्यांना दारात उभं करणार नाही. आणि वर्गाचा भरवसा नाही म्हणून सगळी मुलं 'पुन्हा पाया' गटात जातील. म्हणजे वर्षभर पहिलीच्या बेरजा."

"हा एक हिरवा कोण?"

"तो तापाने आडवा होता. दोन दिवसांनी माझ्या खोलीत बसवून मीच त्याला प्रश्न वाचून दाखवले. खरं सांगायचं तर वर्गातला सगळ्यात कच्चा मुलगा तोच. पण हे चारही त्याचे बरोबर आले."

"परीक्षेआधी शाळेत येत होता?"

"आदल्या दिवसापर्यंत रोज."

"आणि बाकीच्यांना प्रश्न कोणी वाचून दाखवले?"

"आपल्या वर्गाची परीक्षा आपण घ्यायची नाही असा नियम आहे. त्या दिवशी चौथीच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका, तिसरीवर होत्या आणि सर चौथीवर. प्रश्न दोनदा मोठ्याने वाचायचा, मुलांनी नुसतं उत्तर लिहायचं."

"मुलांना काही विचारलंत?"

"सरांनी हात जोडले. लहान आहेत, घाबरतील म्हणाले. पालकांनाही नको होतं. मी शब्द दिलाय, मुलांना कोणी छेडणार नाही."

वहिनींनी चिठ्ठी घडी करून आपल्याजवळ ठेवली. त्या अशा गप्प झाल्या की भावोजींना चहा सांगायचं सुचतं. तो त्यांनी सांगितला.

*

शाळा दुमजली होती. जिन्याच्या भिंतीवर मुलांच्या खांद्याच्या उंचीला हात घासून घासून एक काळपट पट्टा उमटला होता. वहिनी आधी कारकुनाकडे गेल्या.

कारकून कपाळाला आठ्या घालूनच जन्मलेला माणूस. "माझ्यावर ढकलू नका," तो आधीच म्हणाला. "उत्तरांची यादी मी तीनदा पडताळलीय. प्रश्नांचा कागदही स्वच्छ आहे. हा बघा."

कागद खरोखर स्वच्छ होता. फक्त अक्षर बारीक.

"इतकं बारीक?"

"यंदापासून वरून हुकूम आहे, कागद वाचवा. मग सगळ्या इयत्तांचे प्रश्न एकाच पानावर बसवले. आधी मुख्याध्यापिका जाड पुठ्ठ्यावर हाताने लिहायच्या, ते हे एवढे मोठे आकडे. कोणी कुरकुर केली नाही. मोठ्या बाईंनी तर कागद न बघताच पर्समध्ये टाकला. कटकट करायचा त्यांचा स्वभावच नाही."

"सरांशी तुमचं पटतं?"

"खडू जास्त वापरतात," कारकून म्हणाला. भावोजींनी हे मनात नोंदवून ठेवलं.

तिसरीचे सर रिकाम्या वर्गात बाकं सरळ करत होते. तरुण, कॉलर झिजलेली. वहिनींनी काहीही विचारलं तरी ते थेट त्यांच्या डोळ्यांत बघून उत्तर देत आणि प्रत्येक उत्तर एकच होतं.

"मीच केलं. लिहून दिलंय."

"प्रश्न कुठून मिळाले?"

"ते महत्त्वाचं नाही."

"आणि मुलांना विचारायचं नाही."

"कृपा करा." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "त्यांना नका विचारू. मी जातोय ना, मग झालं."

"घरी कोण असतं?"

"आई. तिला अजून सांगितलं नाहीये." ते खिडकीकडे वळले. "मी याच शाळेत शिकलो. चौथीपर्यंत मला धड वाचता येत नव्हतं. मोठ्या बाईंनी शाळा सुटल्यावर वर्षभर बसवून घेतलं. मला कुठेतरी काम मिळेल हो. त्याचं नका मनावर घेऊ."

मोठ्या बाईंचा वर्ग जिन्याच्या टोकाला होता. फळ्यावरचं अक्षर वितभर उंच. बाई ताठ बसल्या होत्या. पांढरे केस, इस्त्रीची साडी. भावोजींनी नवं छापून आणलेलं आपलं कार्ड ऐटीत पुढे केलं. बाईंनी ते घेतलं आणि तसंच पहिल्या बाकावरच्या मुलीकडे दिलं. "वाच बाळा, जमतंय का बघू."

मुलीने अडखळत वाचलं. बाईंनी तिला शाबासकी दिली. या वयातही शिकवायची एक संधी सोडत नाहीत, असं वाटून भावोजींना त्यांच्याविषयी आदर वाटला. तो फार टिकला नाही.

"त्या मुलाचं नाव माझ्यासमोर काढू नका," बाई म्हणाल्या. "मी त्याला अक्षर न् अक्षर शिकवलं आणि तो पोरांना खोटं घोकायला लावतो? परवा जिन्यात भेटला. मी सांगितलं, तुला शिकवल्याची मला लाज वाटते."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. वाकून नमस्कार करून गेला. निगरगट्ट."

हे बोलताना बाई भावोजींच्या कानाकडे बघत होत्या. मग वहिनींच्या खांद्याकडे. त्यांनी माठातून पाणी दिलं. पेल्याच्या काठाला आतून बोट लावून भरलं, सांडू नये म्हणून. भावोजींना ते पाणी प्यायचं जिवावर आलं.

"प्रश्न वाचताना काही अडचण आली होती का, बाई?"

"मला? जन्म गेला माझा वाचण्यात."

*

बाहेरच्या बाकावर भावोजींनी आपला निकाल जाहीर केला.

"सर निर्दोष आहेत. डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. गुन्हेगार मोठ्या बाई. सगळा वेळ नजर चुकवत होत्या. एकदाही सरळ बघितलं नाही त्यांनी."

एरवी अशा वेळी वहिनी हसत. या वेळी हसल्या नाहीत.

"भावोजी, आज तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत," त्या म्हणाल्या. "तसं नसतं तर बरं झालं असतं."

*

दुसऱ्या दिवशी समितीच्या आधी मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिघांना बोलावलं होतं. वहिनींनी कारकुनाला मात्र दारातूनच परत पाठवलं. "तुमचं काम चोख आहे. बसायची गरज नाही." कारकुनाच्या आठ्या पहिल्यांदाच सैल झाल्या आणि तो गेला.

मोठ्या बाई सरांकडे पाठ करून बसल्या. सर दाराशी उभे होते. "तुम्ही काही बोलू नका," ते वहिनींना म्हणाले. "विनंती आहे."

"बोलायला हवं," वहिनी म्हणाल्या. "तुमची कबुली खोटी आहे. परीक्षेआधी उत्तरं घोकून घेतली असती, तर तापाने आजारी पडलेल्या मुलानेही ती घोकली असती. तो रोज वर्गात होता. त्याची उत्तरं बरोबर आली. म्हणजे जे झालं ते परीक्षेच्या खोलीतच झालं, आणि त्या वेळी तुम्ही चौथीवर होता."

"मग पोरांनी एकमेकांची बघून लिहिली असतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सगळ्या वर्गाने, न चुकता तेच चार प्रश्न? मी ती उत्तरं रात्रभर डोक्यात घोळवली. ती चुकीची नाहीत, बाई. ती दुसऱ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं आहेत. अठरा हे तेरा अधिक पाचचं उत्तर. एकवीस म्हणजे तीन साती. त्रेचाळीसातून वीस गेले की तेवीस. अकरा अधिक चार पंधरा. सहाच्या जागी तीन ठेवा, नवाच्या जागी एक, की सगळं जुळतं. ज्या प्रश्नांत सहा किंवा नऊ नव्हते, ते वर्गाला नीट आले. मुलांनी जे ऐकलं, त्याचं उत्तर बरोबर लिहिलं."

मुख्याध्यापिकांचा हात तोंडाशी गेला.

"कागद चुकीचा छापला असेल," मोठ्या बाई म्हणाल्या, पण आवाजातला ताठा थोडा उतरला होता.

"त्याच कागदावरून आजारी मुलाला वाचून दाखवलं."

वहिनींनी पुढचं वाक्य उच्चारलं नाही, आणि भावोजींच्या लक्षात आलं की त्या ते उच्चारणारही नाहीत. त्यांना आता कार्ड आठवलं, पेल्यातलं बोट आठवलं, कानाकडे लागलेली ती नजर आठवली. समोरचं मधोमध दिसत नसेल तर माणूस बाजूने बघतो. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"तो कागद द्या इकडे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, राहू दे," सर म्हणाले.

"दे म्हणते ना."

सरांनीच तो दिला. बाईंनी कागद आधी लांब धरला, मग जवळ. मान जराशी वळवली. मग वर्गात वाचतात तशा स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं.

"तेरा अधिक पाच."

बाहेर मैदानात मुलं ओरडत होती. बाईंनी मान वर केली, कोणी "बरोबर" म्हणेल म्हणून वाट पाहिली, आणि कोणी म्हटलं नाही त्यावरून त्यांना कळलं.

"मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय," कागद टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "सुट्टीत दाखवू म्हटलं. डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी घरी बसा सांगितलं तर काय करू, म्हणून ढकलत राहिले." त्या सरांच्या आवाजाच्या दिशेने वळल्या. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"निकाल लागला त्या दिवशी. मुलं म्हणाली, बाईंनी तीन साती विचारलं."

"आणि जिन्यात मी तुला एवढं बोलले, तेव्हा तू नमस्कार केलास?"

सर रडत होते, पण बाईंना ते दिसलं नाही.

वहिनी सरांना म्हणाल्या, "तुमचं खोटं फक्त तुम्हालाच महाग पडणार असतं, तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तुम्ही चांगुलपणा दाखवायचा आणि अख्ख्या वर्गाने वर्षभर मागे बसायचं, हे कसं चालेल?"

"समितीला मी सांगते," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. त्याचा कागद फाडून टाका."

मुख्याध्यापिकांनी सरांची कबुली फाडली आणि तक्त्यावरून तिसरीचे तांबडे चौकोन एकेक करून काढायला लागल्या. नखाने कागद खरवडल्याचा आवाज येत राहिला. भावोजींना वाटलं, संपलं. कुणाची नोकरी जाणार नाही, वर्ग सुटला, वहिनींचं नाव राहिलं. त्यांनी पिशवीसुद्धा उचलली.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "चौथीचा रकाना कसा आहे?"

नखाचा आवाज थांबला. "तुमच्या वर्गाचा? बरा आहे, बाई. पाच-सहा तांबडे आहेत, बाकी…"

"ते कुणी ठरवले? तोंडी गणित सरांनी घेतलं, पण बाकीच्या चाचण्या वर्षभर मीच तपासल्या. मीच पोरं मागच्या गटात बसवली." त्या भराभर बोलू लागल्या. "एक पोरगी होती. दर आठवड्याला कागद घेऊन टेबलाशी यायची. म्हणायची, बाई, माझं बरोबर आहे. मी म्हणायचे, उलट उत्तर देऊ नकोस. मग एक दिवस ती यायची बंद झाली. मला वाटलं, सुधारली."

मुख्याध्यापिका तक्त्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. यातला कुठला चौकोन खरा आणि कुठला बाईंच्या डोळ्यांमुळे आला, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हल्ली ती गणिताच्या तासाला काय करते?" बाईंनी विचारलं. "तुझ्या वर्गासमोरच तर तिचा गट बसतो. मला सांग."

सरांनी डोळे पुसले. "काही करत नाही, बाई. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही."

मोठ्या बाई उठल्या. समितीची माणसं जिन्यात बोलत वर येत होती; ती थांबतील, असं त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, अंदाजाने, आणि सरांनी तो धरला.

"मला तिच्याकडे घेऊन चल," त्या म्हणाल्या. "आणि तिचे कागद तू वाच. मोठ्याने वाच, वर्गाला ऐकू जाऊ दे."