आत उघडणारं दार

कॅनडात, विनिपेगमधल्या एका बेकरीच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी आम्ही पाच-सहा आर्किटेक्ट जमतो. कॉफी प्यायची आणि एकमेकांच्या नकाशांची चिरफाड करायची, एवढाच उद्योग. नियम एकच: ज्याचा नकाशा, त्याने तोंडाला कुलूप लावायचं. दुसऱ्याने मुख्य दारावर बोट ठेवायचं आणि खरंच घरात शिरल्यासारखं, मोठ्याने बोलत खोल्याखोल्यांतून फिरायचं.

हे फिरणं बहुतेक वेळा ओरेस्ट हाव्रिलुककडे असतं. वय ब्याऐंशी. वीस वर्षांत त्याने माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. आईसाठी तासाभराच्या अंतरावरच्या स्टाइनबाख गावात बांधायच्या छोट्या घराचा नकाशा मी पहिल्यांदा नेला, तेव्हाही म्हणाला, "नील, बाथरूमचं दार बाहेर उघडू दे. म्हातारं माणूस आत पडलं तर दाराला टेकूनच पडतं. मग ढकलणार कोण, तू?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राग आला. त्याचं बरोबर होतं म्हणूनच आला. पण पडलो तरी नाक वर. मी दार आतच उघडणारं ठेवलं. नोव्हेंबरात आई तिथे एकटी राहायला गेली.

फेब्रुवारीत मी तोच नकाशा पुन्हा नेला. कागदावर मात्र दार बाहेर उघडणारं काढलं होतं. एका शाबासकीसाठी मी इतका लाचार झालो होतो.

दहा वाजता ओरेस्टने मुख्य दारावर बोट ठेवलं.

"बूट काढतो. जमीन उबदार आहे, बरं वाटलं. हे स्वयंपाकघर. सूप खाली लागतंय."

थोरा सिगर्डसन हसली. आमच्यातली ती एकटीच त्याला टोकू शकते. बाकी कुणी हसलं नाही, कारण ओरेस्ट असल्या गमती करत नसे.

बोट बोळातून सरकलं आणि थांबलं.

"दार उघडत नाही."

"अहो, ओढा ना," थोरा म्हणाली. "कागदावर बाहेर उघडतंय."

"कागदावर असेल. हे आत उघडतंय." त्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं. "पलीकडे कुणीतरी टेकलंय. नील, खरं सांग, हे दार कसं आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फोन खिशातच होता. पण आईला फोन लावायचा म्हणजे चारचौघांत लबाडी कबूल करायची.

मी ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.

तो बराच वेळ ढकलत राहिला. कपाळावर घाम आला. मग त्याने बोट उचललं.

"म्हातारा झालो," म्हणाला.

मी कॉफी संपवूनच उठलो.

दुपारी एकला आईच्या शेजारणीचा फोन आला. करपल्याचा वास तिच्या घरापर्यंत गेला होता. अग्निशमनवाल्यांनी बाथरूमचं दार कापून आईला बाहेर काढलं. खुबा मोडला होता. दहाच्या आधीपासून ती आत पडून होती.

संध्याकाळी हॉस्पिटलात तिने डोळे उघडले. ती रागावलेली नव्हती, नुसती गोंधळलेली होती.

"किती जण होता रे तुम्ही बाहेर?"

"कुठे, आई?"

"दाराबाहेर. एक म्हातारा बिचारा ढकलत होता. एक बाई कागदाचं काहीतरी म्हणत होती. आणि तू होतास. श्वास घेताना तुझं नाक वाजतं, मी ओळखलं."

मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"तो विचारत होता तुला. गप्प का बसलास?"