मागच्या दारातले पाव

"थांब गा पिंटू! तिकडे पाहा!" काजलने सायकलचा ब्रेक करकचून दाबला.

सदर भागातल्या सुपरमार्केटच्या मागच्या दारात एक सफाईवाल्या मावशी क्रेटमधल्या पावांवर चक्क फेनाईल ओतत होत्या!

उन्हाळ्याच्या सुट्टीत काजल, पिंटू आणि मिनल रोज काजलच्या आत्याकडे, यमुताईंकडे मदतीला जायचे. दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना यमुताई फुकट जेवू घालायच्या. काल खिचडी संपली आणि वीस माणसं उपाशीच परतली. त्यांचे चेहरे काजलच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"मावशी, हे काहून करून राहिल्या?" तिने विचारलं.

"मॅनेजरसाहेबाची ऑर्डर आहे वं. कोणी उचलून खाल्लं अन् आजारी पडलं तर दुकानाचं नाव खराब होते म्हणते. मलेही हे करताना बरं नाही वाटत!"

काजलने एक कोरडं पाकीट उलटून पाहिलं. "अरे! संपायची तारीख तर उद्याची आहे!"

"मग आजच काहून फेकून राहिले?" मिनल चक्रावली.

तिघं थेट दुकानात शिरले. पिंटूने उकिडवं बसून खालची फळी धुंडाळली. "काजल! इथंही उद्याचीच तारीख!"

काजल मॅनेजर कृष्णकांत यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मागे फेकलेले पाव खराब आहेत का?"

"हो, जुना माल. खाण्याजोगा नाही. चला, निघा!"

"मग त्याच तारखेचे इथं काहून विकून राहिले?"

रांगेतली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. एका आजींनी टोपलीतलं पाकीट परत ठेवलं.

कृष्णकांत गडबडले. "नाही, नाही! हे एकदम चांगले आहेत!"

"म्हणजे तेही चांगलेच होते!" पिंटू ओरडला.

हे ऐकून दुकानाचे मालक भैयाजी गल्ल्यावरून उठले. "काहून फेकले गा?"

"नवा माल आला, भैयाजी. जागा पाहिजे होती..."

भैयाजी मागच्या दाराशी गेले. दोन क्रेट वाया गेले होते, तीन अजून कोरडे होते. 

"काल आमच्या यमुताईंकडची खिचडी संपली अन् वीस माणसं उपाशी परतली," काजल म्हणाली.

"पोरांनो, हे कोरडे तीन आत्ताच तुमच्या यमुताईंकडे न्या. अन् कृष्णकांत, आजपासून तारीख संपायच्या आदल्या दिवशी जे उरंल, ते सकाळीच तिकडे पाठवायचं. पुन्हा फेनाईल दिसलं नाही पाहिजे!"

दुपारी यमुताईंनी आलूची भाजी टाकली. वाफाळत्या पातेल्यापाशी त्यांनी काजलला जवळ ओढलं.

"माहे केस पिकले त्या दुकानासमोरून जाऊन जाऊन, पण मागे काय होते ते मी कधी पाह्यलं नाही. तू पाह्यलं, अन् विचारलंही! शाब्बास वं पोरी!"

काजलने वाढायचा डाव उचलला. रांग दारापर्यंत गेली होती.