दोन दिवस उघडी राहिलेली बशी

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली, आणि त्याने तिच्याऐवजी तिच्या हातातल्या बाटलीची विचारपूस केली. "पावडरीला लागलं नाही ना?" औषधाच्या कारखान्यात स्फटिक घडवणाऱ्या बाईला याहून गोड प्रश्न कोण विचारणार! तेव्हापासून स्फटिकांची रचना तपासणाऱ्या त्याच्या एक्स-रे मशीनवर नमुने पोचवायला ती स्वतःच जाऊ लागली. मैत्रिणींनी त्याचं नाव 'किरणराव' ठेवलं आणि तिला चिडवून भंडावून सोडलं.

पण आज त्याच्या रिपोर्टने तिचं धाबंच दणाणलं. एकच औषध स्फटिक होताना निरनिराळ्या तऱ्हांनी रचलं जातं, आणि त्यातली एकच तऱ्हा चालते. रिपोर्टात भलतीच दिसत होती. सहा महिन्यांची मेहनत! चार वाजता साहेब अख्खा माल फेकून द्यायच्या कागदावर सही करणार होते.

तीनच्या सुमाराला किरणराव हातात बशी घेऊन धापा टाकत वर आला. कान लालबुंद.

"माल टाकू देऊ नका. चूक माझी आहे."

"म्हणजे?"

"नमुना तुम्ही सोमवारी दिलात, मी मोजला आज. मधले दोन दिवस तो... खिडकीपाशी, बशीत उघडाच होता. या दमट हवेत त्याने पाणी धरलं असणार. औषध तेच आहे — फक्त रचनेत पाणी शिरून बसलंय."

तिने बशी हिसकावलीच. पावडर तापवली, तसं वजन उतरलं. पाणीच होतं! मग त्याच मालाच्या बंद पिंपातली ताजी पावडर मशीनवर चढवली. पडद्यावर हव्या त्या रचनेची एकेक रेघ आपापल्या जागी उभी राहिली. चाराला पाच कमी असताना साहेबांनी तो कागद फाडला, आणि तिला इतकं हायसं वाटलं की ती स्टुलावर मटकन बसून हसता हसता रडली.

मग राग आला. "दोन दिवस ठेवलात कशाला हो?"

"रिपोर्ट लगेच दिला की तुम्ही लगेच जाता... 'मशीन अडलंय' म्हटलं की दोन-दोनदा चौकशीला येता."

"अहो, माझी नोकरी गेली असती!"

"म्हणून तर साहेबांना लिहून दिलंय सगळं. आता बोलणी खाईन."

"सगळं? माझं येणं-जाणंसुद्धा?"

"छे — फक्त बशीचं."

तिने डोळे पुसले. राग कुठे पळाला ते तिचं तिलाच कळलं नाही. "मग उरलेलं मला सांगा. आत्ता. आणि नीट, पूर्ण वाक्यात."

तो दोनदा अडखळला, एकदा चष्मा पुसला. "मला... तुम्ही रोज यावं असं वाटतं. नमुना नसला तरी."

"एवढंच ना?" ती उठत म्हणाली. "मग उद्या येते. रिकाम्या हाताने."