पुढे गेलेली प्रत

सुट्टीच्या दिवशी धाकटी ऑफिसला निघाली तेव्हा घरी सांगून गेली होती की थोडंसंच काम आहे. या धंद्यात थोडंसं काम कधी नसतं हे तिलाही ठाऊक होतं. पण साहेबांना आलेख उद्या सकाळी हवा होता, आणि साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. शेळ्या कोण, ते सांगायला नको. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. काम उरकून दुपारी त्यांच्याकडे जायचं, असा तिचा बेत होता.

हॉस्पिटलांच्या नोंदी सांभाळणं हेच कंपनीचं काम, बाबा होते त्या हॉस्पिटलच्याही. कुणाला औषध दिलं, कुणाचा ताप उतरला, कोण घरी गेलं, सगळं आधी मुख्य सर्व्हरवर लिहिलं जायचं आणि तिथून तीन प्रतींमध्ये उतरायचं. मागच्या महिन्यात एक प्रत मागे पडली. डॉक्टरांनी जुनीच नोंद बघितली आणि एका रोग्याला तेच औषध पुन्हा दिलं गेलं. रोगी कसाबसा बचावला. मग सगळ्यांना सुचलं की कुठली प्रत किती मागे आहे, हे मोजायला हवं होतं. त्याचाच हा आलेख. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

ती जेमतेम खुर्चीत बसली तोच दादाचा फोन आला. बाबांची तब्येत कालच्यासारखीच होती, पण सकाळपासून त्यांनी धाकटीचाच धोशा लावला होता. दादाने फोन त्यांच्याकडे दिला.

"येतेस ना गं?" बाबांचा आवाज बारीक झाला होता. "खिडकीजवळची खुर्ची ठेवलीय तुझ्यासाठी."

"आलेच बाबा. हे एवढं झालं की निघालेच."

तो सगळा मजला रिकामा होता. काचेपलीकडे सर्व्हरची खोली, तिच्यात बारा महिने तीच थंडी आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. पंख्यांची घरघर एकसारखी चाललेली. कोपऱ्यातल्या कपाटाचा पंखा तेवढा वेगळा वाजायचा, ओढून घेतलेल्या श्वासासारखा. तिसरी प्रत त्या कपाटात होती.

आलेख उमटला. पहिल्या दोन प्रतींच्या रेषा थोड्या वर, थोड्या खाली, हव्या तशा. तिसरी मात्र शून्यावर सपाट, हलायचं नाव नाही. इतकी शहाणी प्रत धाकटीने जन्मात पाहिली नव्हती. शिवाय चौथी एक रेषा होती, बिननावाची, जी संथपणे वर वर चढत होती. सर्व्हर चारच, त्यातला एक मुख्य. मग मागे कोण पडत होतं? आपलंच काहीतरी चुकलंय, असं समजून तिने जुनं काम उघडलं.

ते गुरुजींचं काम होतं. गुरुजी म्हणजे तिच्या आधी ही जागा सांभाळणारे. सगळ्यांना सगळं समजावून सांगायचे म्हणून ते नाव पडलं होतं. एका दुपारी ते जागेवरून उठून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. त्यांचा स्वेटर अजून त्या खोलीच्या दाराला लटकत होता. मुख्य सर्व्हरच्या नोंदींतून प्रतीच्या नोंदी वजा करायच्या, एवढा साधा हिशोब त्यांनी लिहून ठेवला होता. त्याखाली एक ओळ होती: उत्तर ऋण आले तर शून्य दाखवावे. का, ते विचारू नये.

पाणी कुठेतरी मुरत होतं. उत्तर ऋण येईलच कसं? नक्कल अस्सलाच्या पुढे जाते का कधी? धाकटीने ती ओळ काढून टाकली.

तिसरी रेषा शून्याच्या खाली उतरली आणि तिथेच थांबली. जे अजून कुठे लिहिलंच गेलं नव्हतं, ते कोपऱ्यातल्या कपाटात आधीच लिहिलेलं होतं.

तिने त्या नोंदी उघडल्या. वेळा आजच्याच, पण पुढच्या. कुणाला सलाईन, कुणाचं रक्त तपासायला... मग बाबांचं नाव, खाटेचा नंबर, आणि पुढे एकच शब्द. मृत. घड्याळात ती वेळ व्हायला थोडाच अवकाश होता. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. उडत गेली असती तरी पोचली नसती.

तिने दादाला फोन केला. त्याने उचलला नाही. मग गुरुजींचा नंबर लावला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"ती ओळ काढलीसच शेवटी..." ते म्हणाले. "मुली, पुसू नकोस ती नोंद."

"म्हणजे पुसता येते?"

गुरुजी हळू आवाजात सांगत गेले. त्यांनी बायकोची नोंद अशीच बघितली होती आणि पुसली होती. बाई वाचली. पण मधली एक नोंद गेली की मागची सगळी रांग तिथेच खोळंबते, हे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणारा माणूस स्वतः विसरला. आधी बायको सकाळी विचारलेल्याचं उत्तर संध्याकाळी द्यायची. मग दुसऱ्या दिवशी. आता रोज उठून लेकीच्या लग्नाची तयारी करते, आणि तिकडे नातू चालायला लागलाय.

फोनमध्ये मागून बाईचा आवाज आला, आनंदाने भरलेला. "अहो, पाहुणे आले वाटतं..."

"कुणी आलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "तू घरी जा. जे व्हायचंय ते होऊ दे."

धाकटीने फोन ठेवला. तिला गुरुजींचा रागच आला. स्वतःची बायको वाचवून बसलेत आणि मला ब्रह्मज्ञान सांगतायत. उशिरा का होईना, त्या घरात कुणीतरी बोलतं तरी. तिने नोंद पुसली.

कोपऱ्यातला पंखा थांबला. सगळ्या खोलीने श्वास रोखून धरल्यासारखं वाटलं. मग तो पुन्हा फिरू लागला.

ती पोचली तेव्हा दिवे लागले होते. दादा दारातच भेटला, हसत आणि रडत. बाबांचा श्वास थांबला होता म्हणे, आणि मग आपोआप सुरू झाला. डॉक्टरसुद्धा चक्रावले होते. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि तिने बाबांचा हात हातात घेतला. हात उबदार होता.

"बाबा, मी आले."

त्यांची नजर दाराकडे होती. तिने पुन्हा हाक मारली. गालावरून हात फिरवला. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले.

"येतेस ना गं? खिडकीजवळची खुर्ची ठेवलीय तुझ्यासाठी."

"मी खुर्चीतच बसलेय, बाबा. ही काय..."

ते दाराकडेच बघत राहिले, लहान मुलाच्या आशेने. मरण तिने टाळलं होतं, आणि त्याच्या जागी वाट बघणं ठेवलं होतं. आता ती कितीही वेळा आली असती तरी बाबांकडे कधीच पोचणार नव्हती.

तिने मोबाईलवर आलेख उघडला. बिननावाच्या रेषा आता दोन होत्या. जुनी, गुरुजींच्या घरातली, खूप वर गेलेली, नवी तिच्यामागून चढायला लागलेली. आणि अगदी तळाशी, जेमतेम दिसेल अशी, तिसरी बिननावाची नुकतीच सुरू झाली होती.

खाटेच्या पलीकडे दादा उभा होता.

"दादा," ती म्हणाली, "तू काही खाल्लंस का?"

दादा तिच्याकडे बघून नुसता हसत राहिला, मघाशी दारात हसला होता तसाच.